पाणी काढायची वाट

कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटमध्ये टेप सरकवून त्याने आकडा वाचला आणि मुलीला लिहून घ्यायला सांगितलं. टेप धरलेलं मनगट किती बारीक झालंय ते दिसलं तेव्हा तिने वहीत डोकं खुपसलं.

पस्तीस वर्षं प्लंबरकी केलेला तिचा बाप आज भलताच खुशीत होता. विजेपासून पाणी लांब ठेवण्यात उभा जन्म गेला, आणि आता पोटची पोर म्हणते विजेच्या पेटीतच पाणी सोडा, हे तो सकाळपासून तीनदा बोलून झाला होता. मुलीच्या या गेमिंग कॉम्प्युटरचे पंखे खेळ रंगात आला की असे घोंगावायचे, की शेजारच्या खोलीतून तो हमखास विचारायचा, मिक्सर कोणी लावलाय? आता नळ्यांतून पाणी फिरवून यंत्र थंड ठेवायचं होतं. असलं काम दोघांपैकी कोणीच आधी केलं नव्हतं.

खरं तर तिला पंख्यांचा काही त्रास नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी तिला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार तर तीन-चार महिने. त्याला मात्र दोघींनी सांगितलं, गाठ साधी आहे, गोळ्यांनी विरघळेल. खरं कळलं तर तो हायच खाईल, असं आईने बजावलं होतं. मग त्याला कशात तरी गुंतवायचं म्हणून मुलीने हे काम काढलं. पंप आणि सांधे म्हटलं की त्याला तहानभूक आठवत नसे. सुटे भाग यायला सहा महिने लागतील, अशी थापही तिने मारून ठेवली होती. काम अर्धवट दिसलं तर दैवालाही थोडी भीड पडेल, अशी तिची वेडी आशा.

त्याने पेन्सिल कानावरून काढली आणि वहीत आराखडा रेखाटायला घेतला. पाण्याची छोटी टाकी पंपाच्या वर घेतली, कारण पंप कोरडा फिरला की गेलाच. टाकीपासून प्रोसेसर, तिथून ग्राफिक्स कार्ड, मग गरम पाणी निववायला पुढचा रेडिएटर आणि परत टाकी. रेघा अजून सरळ येत होत्या. मग तो थांबला.

"आणि पाणी काढणार कुठून?"

तिने डझनभर व्हिडिओ बघितले होते, पण ते सगळे भरण्याचेच.

"भरायचा विचार सगळे करतात, काढायचा कोणीच करत नाही. त्यांचं पाणी काढून देण्याच्या कमाईवर तर तुझं शिक्षण झालं."

ती हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच खरं हसू आलं, आणि लगेच तिला वाईटही वाटलं. त्याने सगळ्यात खालच्या कोपऱ्यात पाणी सोडायचा एक कॉक काढला, पण डाव्या बाजूला. तिथवर जायला नळी दोनदा वळवावी लागली. तिला नवल वाटलं. उगाच वळवलेली नळी दिसली की हा माणूस ती बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

"बाबा, उजवीकडून सरळ येतंय की. दोन बेंड कशाला वाढवताय?"

"तिथे तुझा हात अडेल. डावखुरी ना तू?"

"पण खोलणार तुम्हीच ना?"

त्याने कागदावरचा खोडरबराचा भुगा फुंकला.

"दर वर्षी पाणी बदलावं लागेल, पोरी. आधी बटण बंद करायचं, मग खाली पातेलं ठेवायचं, मग कॉक. घाई करायची नाही."

तिचे डोळे भरून आले. कागद भिजेल म्हणून त्याने वही हळूच आपल्याकडे ओढली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तुझी आई माझ्याशी भांडायची थांबली, त्याच दिवशी."

स्वयंपाकघरात भांडी वाजली तसा त्याने आवाज खाली आणला.

"तिला यातलं बोलू नकोस. मला कळू द्यायचं नाही, एवढ्या एका कामावर ती उभी आहे."

मुलीने मान हलवली. आत्तापर्यंत एकाच माणसापासून लपवायचं होतं, आता दोघांच्या मध्ये बसून गप्प राहायचं. हे आपल्याला जमेल का, तिला कळेना.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने उलट्या बाजूनेच कागद बघितला आणि काय ठरलं म्हणून विचारलं.

"ठरलं सगळं," तो म्हणाला. "फक्त वर्षातून एकदा याला माझा हात लागेल बघ. हिला एकटीला जमायचं नाही."

"लागू दे की," आई म्हणाली. "तेवढंच तुम्हाला काम."

मुलीने वही जवळ घेतली आणि दोन्ही बेंडची मापं लिहू लागली.