इवाओंच्या हातचा ब्रेक

ऐकता का जरा? मी संत्र्यांच्या बागेतला पांढरा टेम्पो बोलतोय. पांढरा आपला म्हणायचा. जपानातल्या एहिमेच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने माझी दारं खालून खाल्ली आहेत. जिथे पत्रा गेला तिथे माझ्या मालकांनी, इवाओंनी, बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला आहे. माझ्या उजव्या दाराखाली अजून त्या डब्यावरचा बगळा दिसतो. पाय मात्र त्याचा एकच उरलाय.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. उजेड फार होता आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं, एवढंच ध्यानात आहे. मग इवाओ निनोमिया मला न्यायला आले. तेव्हा त्यांचे केस काळे होते. आत बसण्याआधी त्यांनी चपला काढल्या आणि बाहेर नीट जोडून ठेवल्या. त्यांच्या पत्नी किनुएबाई म्हणाल्या, "अहो, घर आहे का हे? आणि चपला इथेच राहिल्या तर घरी अनवाणी उतरणार?" तेव्हा कुठे ते हसले आणि चपला उचलून आत घेतल्या.

अशा घरी मी आलो. बरंच झालं म्हणायचं.

आमची बाग डोंगराच्या उतारावर आहे. दगडी बांध घालून पायऱ्या पायऱ्यांची जमीन केलेली, आणि तिच्यातून नागमोडी वर जाणारा अरुंद रस्ता. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला खाली थेट समुद्र. हिवाळ्यात संत्र्यांच्या पेट्या भरून मी तो रस्ता उतरायचो. पाठीवर एवढं ओझं आणि पुढे असा उतार असला की ब्रेक म्हणजे काय चीज आहे ते कळतं.

इवाओंनी मला गॅरेजात फारसं कधी नेलंच नाही. "मी वापरतो, तर मीच उघडून बघायला नको का?" असं ते म्हणत. माझ्या हौद्यात त्यांनी जुन्या होडीच्या फळ्या बसवल्या, म्हणजे पेट्या घसरायच्या नाहीत. किनुएबाईंचं कंबरेचं दुखणं सुरू झालं तेव्हा त्यांच्या बाजूला चढायला एक पायरी जोडली आणि आत धरायला दांडी लावली. दांडी आधी वाकडी बसली. ती काढून पुन्हा बसवली, तरी थोडी वाकडीच राहिली. किनुएबाई म्हणाल्या, "राहू द्या हो. मीही आता वाकडीच झालेय, बरोबर जमेल आमचं."

इवाओ हळूहळू काम करायचे. एक नट काढला की पुसून ताटलीत ठेवायचे, मग चहा प्यायचे, मग दुसरा. मला घाई कधीच नव्हती.

गेल्या संत्र्यांच्या हंगामात एक गोष्ट घडली. वरच्या वळणावर इवाओंनी मला मागे घेतलं आणि माझं मागचं चाक रस्त्याच्या कडेबाहेर गेलं. मी थांबलो. खाली दगड गडगडत गेले आणि त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. किनुएबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी ती वाकडी दांडी दोन्ही हातांनी धरली होती. इवाओ म्हणाले, "मागचा ब्रेक ढिला झालाय. करतो नीट." खरं होतं ते. चाकाच्या आत ब्रेकचं तेल गळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते बागेत गेल्यावर किनुएबाई घराजवळच्या शेडमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी शहरातल्या मुलीला, मिहोकोला फोन केला. "तूच सांग बाई त्यांना. गाडी सोडा म्हणावं. माझ्या तोंडून निघत नाही. मला आता त्या वळणावर डोळे मिटून बसावं लागतं."

मी ऐकलं. पण मी काय सांगणार कोणाला?

रविवारी मिहोको आली. अंगणात उभी राहून बोलली.

"बाबा, पासिंग जवळ आलंय ना? यंदा करूच नका. लायसन्सही परत देऊन टाका. तुमच्या वयाची कितीतरी माणसं देतात."

"आणि बाग?"

"बाग बघू. तुम्ही काय, हा टेम्पो काय, दोघांचेही स्पेअर पार्ट मिळत नाहीत आता."

"त्याचे मिळतात," इवाओ म्हणाले. "मागवलेत मी."

"मग निदान गॅरेजवाल्याकडून तरी बसवून घ्या!"

इवाओंनी हातातला पाना पुसून ठेवला. मग म्हणाले, "हे बघ मिहोको. ब्रेक मी बसवतो. पासिंगलाही मीच नेतो. माझ्या हातचा ब्रेक नापास झाला, तर लायसन्स परत, आणि याला मोडीत. पुन्हा शब्द बोलणार नाही."

मिहोकोने आईकडे पाहिलं. किनुएबाई पायाशी पडलेली संत्र्याची साल उचलत होत्या.

मग काम सुरू झालं. त्यांनी मला लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, मागची दोन्ही चाकं उतरवली, ब्रेकवरचे ड्रम ओढून काढले. आतला गंज घासला, नवे लायनर बसवले, गळणारा भाग बदलला. शेवटी ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पाय मारायचा, दुसऱ्याने खाली पडून नळीचा स्क्रू सोडायचा. आत किनुएबाई बसल्या.

"दाब!" खालून इवाओ.

"दाबला."

"धर! सोडू नकोस."

"धरलाय हो."

"सोड आता!"

"आधी धर म्हणता, मग सोड म्हणता. लग्नापासून हेच चाललंय."

खाली इवाओ इतके हसले की तेल त्यांच्या कानात गेलं. हवेचे बुडबुडे संपले, नुसतं स्वच्छ तेल आलं, तेव्हा मला माझ्या मागच्या चाकांत पुन्हा जोर आल्यासारखं वाटलं. खरं सांगतो, कारखान्यातसुद्धा मला इतकं निगुतीने कोणी जोडलं नव्हतं.

पासिंगच्या दिवशी इवाओंनी मला धुतलं, अगदी खालूनसुद्धा. किनुएबाई सोबत आल्या. रांगेत गाडीत चालवणाऱ्यानेच बसायचं असतं, म्हणून त्या काचेपलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

दिवे झाले, धूर झाला. मग ब्रेकची पाळी. तिथे जमिनीत लोखंडी रूळ असतात. त्यांच्यावर चाकं ठेवली की रूळ फिरू लागतात, आणि समोरचा फलक सांगेल तेव्हा ब्रेक दाबून धरायचा. जमलं तर फलकावर गोल उमटतो, नाही तर फुली. पुढच्या चाकांना गोल आला. इवाओंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला! मग मागची चाकं रुळांवर आली आणि वरच्या भोंग्यातून एका बाईचा गोड, अदबशीर आवाज आला : "कृपया ब्रेक दाबून धरा."

इवाओ फोनवर बोलतानासुद्धा वाकतात. त्यांनी ब्रेक दाबला आणि त्या आवाजाला कंबरेतून वाकून नमस्कार केला. बुटका माणूस तो. पाठ सीटला टेकलेली असेल तरच त्यांच्या पायात जोर येतो. पाठ सुटली, पाय सैल पडला. मी आतून ओरडत होतो, दाबा, दाबा! पण माझं ओरडणं कोणाला ऐकू येणार?

फुली.

तरुण तपासनीस धावत आला. "आजोबा, मागचे ब्रेक कमी पडतायत. बघून घ्या आणि आजच पुन्हा रांगेत या, चालेल." इवाओ त्यालाही वाकले आणि मला बाहेर अंगणात घेऊन आले. इंजिन बंद केलं. आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून ते त्यांच्याकडे बघत बसले.

किनुएबाई पायरीवरून चढून शेजारी बसल्या.

"मिहोकोला कळवून टाक," इवाओ म्हणाले. "हात गेले माझे. इतकं निगुतीने केलं गं, तरी चुकलंच कुठेतरी."

किनुएबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. काचेपलीकडून त्यांनी सगळं पाहिलं होतं, हे मला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. गप्प राहिल्या असत्या तर त्यांना हवं होतं ते आपोआप झालं असतं. ते वळण नको, डोळे मिटणं नको. त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं इवाओंच्या हातावर ठेवलं. इवाओ खाईनात.

मग त्या म्हणाल्या, "हातांना काही झालेलं नाही. मान वाईट आहे तुमची."

"काय?"

"वाकलात तुम्ही. ब्रेक दाबता दाबता वाकलात."

"कोणाला?"

"त्या भोंग्यातल्या बाईला!"

इवाओ विचारात पडले. "फार अदबीने बोलली गं ती."

"मी इतकी वर्षं बोलतेय, मला वाकलात कधी? चला, पुन्हा रांगेत लावा. पाठ टेकवून बसायचं. एखाद्या उद्धट माणसासारखं."

"तसं कसं बसतात?"

"आपल्या जावयाला आठवा."

पुन्हा रूळ फिरले. पुन्हा तो गोड आवाज. इवाओंची मान थरथरली, कपाळावर घाम आला, पण पाठ सीटला चिकटून राहिली. माझ्या मागच्या चाकांनी ते रूळ असे धरले की मी सबंध हादरलो.

गोल.

बाहेर आल्यावर त्यांनी फलकाला, तपासनिसाला, इमारतीला, सगळ्यांना वाकून घेतलं.

परतताना वाटेतल्या बोगद्याच्या अलीकडे किनुएबाई म्हणाल्या, "मिहोकोला मीच सांगितलं होतं. मला भीती वाटते तिथे वर."

इवाओंनी मला कडेला थांबवलं. "मग मला का नाही सांगितलंस?"

"आधी तोंडून निघेना. मग तुम्ही चाकं खोलून बसलात. इतके खुशीत होतात."

त्यांनी हँडब्रेक ओढून ठेवला. मग म्हणाले, "वरची बाग या वर्षी सोडू. झाडं शेजाऱ्यांना सांभाळू दे. आपण बागेच्या पायथ्याशी असलेल्या खालच्या शेडपर्यंतच. आणि या पासिंगची मुदत संपली की लायसन्स देऊन टाकीन." हँडब्रेक सोडता सोडता म्हणाले, "पण हात चांगले असताना देतोय, हे मिहोकोला सांग."

"सांगते," किनुएबाई म्हणाल्या.

तर मंडळी, आता मी खालच्या शेडपर्यंतच जातो. किनुएबाई डोळे उघडे ठेवून बसतात. माझ्या काचेवर चिकटवलेल्या पासिंगच्या चिठ्ठीवरची मुदत आता सरत आली आहे. ती संपली की मला न्यायला कोणीतरी येईल, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फार जगलो.

एकच विनवणी आहे. मला तोडायला घ्याल तेव्हा आधी माझी मागची चाकं उतरवा, ड्रम ओढून काढा आणि आतलं काम एकदा नीट बघा. मग खुशाल तोडा.