तमालेला गेलेली केंकीवाली

डुफीला मालिकेतून मी काढायला लावलं. सव्वीस वर्षं ही गोष्ट आमच्या कुमासी शहरात दोघांनाच ठाऊक होती, मला आणि आमचे दिग्दर्शक अद्दाई यांना. अद्दाई वारले, मग मी एकटीच उरले.

साल ब्याण्णव. मालिकेचं नाव 'मोटारतळ'. मी त्यातली नायिका. ड्रायव्हरची विधवा, दीर तिची लॉरी बळकावतो, ती कोर्टात जाते, रडते, पुन्हा कोर्टात जाते. आठ वर्षं फिरत्या नाटक कंपनीत घसा फोडून मी तिथवर पोचले होते. डुफी माझी मैत्रीण, शहरातल्या बांतामा वस्तीत शिवणकाम करायची. केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बाईच्या कामाला कुणी मिळेना, तेव्हा मीच तिला हाताला धरून नेलं.

"मला काय येतंय गं, सर्पोमा?" ती घाबरली होती.

"नुसतं घमेल्यामागे बसायचंय. बसता येतं ना?"

तिला एकच वाक्य होतं. गिऱ्हाईक विचारणार, "केंकी गरम आहे का?" आणि तिनं म्हणायचं, "हो, आत्ताच उतरवली." पहिल्याच दिवशी ती ते विसरली. गिऱ्हाइकाकडे न बघता, माशा हाकत म्हणाली, "हात घाल. बोटं उरली तर सांग."

कॅमेरावाला इतका हसला की चित्र हललं. अद्दाई म्हणाले, "असू दे. हेच ठेवू."

चौथा भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो. टोमॅटोवाल्या बायका लांबूनच ओरडायला लागल्या, "ए केंकी! बोटं उरली का गं?" डुफी लाजून हसत होती. एकीनं तिच्या पिशवीत चार टोमॅटो जास्तीचे टाकले, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोण, तुझी बहीण का?"

त्या विधवेसाठी मी खरी आसवं गाळली होती. ग्लिसरीन एकदाही लावलं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

पुढे तर तिचं सगळंच मला खुपायला लागलं. तिची मान वळवायची तऱ्हा खुपायची. तिला काही येत नाही आणि तरी सगळं येतं, हे तर फारच. मी संवाद म्हणत असायचे आणि लोक माझ्या खांद्यावरून मागे तिच्याकडे बघत असायचे.

शेवटी अद्दाईंना गाठलं. "ती मागे बसून हसते. मला रडू येत नाही. नायिकाच रडली नाही तर तुमची मालिका कशी चालणार?"

"हसते? मला तर कधी दिसली नाही."

"तुम्ही कॅमेऱ्यात बघता. मला मागून ऐकू येतं."

धडधडीत खोटं होतं ते. ती कधीच हसली नव्हती. अद्दाईंनी सुस्कारा सोडला. "बरं. सातव्या भागात घालवतो तिला. बहिणीकडे जाते म्हणून सांगेल आणि तिकडे उत्तरेला तमालेला जाणाऱ्या लॉरीत बसेल."

"सांगायला कशाला हवं? बसू दे की नुसतीच." तिला निरोपाचं वाक्यसुद्धा मिळू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

तसंच झालं. सातव्या भागात डुफीनं घमेलं डोक्यावर घेतलं. कुणीतरी विचारलं, "कुठं निघालीस?" तिनं वळून पाहिलं, काहीच बोलली नाही, लॉरीत चढली. लॉरी गेली. पुढे कुणी तिचं नावही काढलं नाही. अकराव्या भागानंतर निवडणुका आल्या, आमचे कॅमेरे तिकडे गेले ते परत आलेच नाहीत. माझी विधवा कोर्टाच्या पायरीवर उभी ती उभीच राहिली.

त्याबद्दल कुणाला काडीचं दुःख नव्हतं.

सव्वीस वर्षांनी एक दिवस अफ्राकोमा नावाची विद्यार्थिनी माझ्या दारात आली. कुणा मास्तरांनी घरी टेप करून ठेवलेले भाग तिच्या हाती लागले होते. मुलांनी त्यांच्या प्रती काढल्या, फोनवरून वाटल्या, केंकीवालीच्या चाहत्यांचं मंडळ काढलं. साडेतीन हजार सभासद.

"आंटी, तुम्ही डुफी आंटींबरोबर काम केलंय ना?"

"ती माझ्याबरोबर होती," मी म्हटलं.

"हो, तेच ते! शनिवारी दुपारी मेळावा आहे. या ना. त्यांच्याविषयी दोन शब्द बोला."

गेले. न जाऊन चैन पडली नसती. शाळेचं सभागृह तुडुंब भरलं होतं, आणि निम्म्या पोरींच्या डोक्यावर घमेली. दारातला मुलगा प्रत्येकाला विचारत होता, "गरम आहे का?" आणि जो तो ओरडत होता, "हात घाल!" ज्यांच्या जन्माआधी मालिका बंद पडली, ती ही पोरं. भिंतीवर कागद डकवले होते: केंकीवाली कुठे गेली? एक म्हणत होता, ती गुप्त पोलीस होती. दुसरा म्हणत होता, विधवेच्या नवऱ्याचा घातपात तिनं पाहिला होता, म्हणून पळाली. तिसरा त्या लॉरीच्या नंबराची बेरीज करून काहीतरी सिद्ध करत होता. त्या एका न बोललेल्या वाक्यावर त्यांनी केवढा इमला उभा केला होता! मी बोलले ती शेकडो वाक्यं, त्यातलं एकही कुणाला आठवत नव्हतं.

डुफी पुढे बसली होती, जाड भिंगाचा चष्मा, शिवून शिवून वाकलेली पाठ. अफ्राकोमानं तिला माइक दिला. "आंटी, आज सांगाच. ती कुठे गेली?"

"मला कुठं माहीत, बाळा?" डुफी म्हणाली. "मला वाटलं, माझं काम वाईट झालं म्हणून काढलं. म्हणून पुन्हा कधी कुणाकडे काम मागितलं नाही. तुम्ही का टाळ्या वाजवता, ते मला अजून कळत नाही."

सभागृह चिडीचूप झालं. असलं चिडीचूप मला कधी लाभलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही मी जळलेच. आणि उभी राहिले.

"तिला मी काढायला लावलं. ती वाईट नव्हती. लोक तिच्याकडे बघत होते म्हणून. 'बहिणीकडे चालले' हे तिचं वाक्यही मीच खोडायला लावलं."

पश्चात्ताप होता, नाही कसा? पण त्याबरोबर आणखी एक होतं. तुम्ही जिला डोक्यावर घेऊन नाचताय तिला मी घडवलं, हे त्या पोरांना कळावं असं मला वाटत होतं.

पोरं बाकांवर चढून टाळ्या पिटायला लागली. "आंटी, पुन्हा सांगा! मघाशी टेप झालं नाही!"

डुफीनं टाळी वाजवली नाही.

बाहेर आंब्याखाली तिनं मला गाठलं. "तुला तेव्हाच माहीत होतं, मी चांगली होते ते?"

"सगळ्यांच्या आधी मला कळलं."

"आणि मी इतकी वर्षं शाळेचे गणवेश शिवत बसले." आवाज चढला नव्हता. "घरी जा, सर्पोमा. आज मला तुझं तोंड बघवत नाही."

मंडळानं पुढच्या मेळाव्यात मला पुन्हा बोलावलं, 'हाकलणारी बाई' म्हणून. मी आत शिरले की पोरं प्रेमानं हुर्यो करायची. डुफीनं मात्र आठ महिने फोन उचलला नाही.

मग एका सकाळी तिचाच फोन. एका नव्या मालिकेत तिला आजीचं काम मिळालं होतं. "पाठांतर होत नाही मला. समोरचं वाचायला कुणीतरी हवंय. येतेस का?" वर म्हणाली, "दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून विचारतेय."

गेले. शिवणयंत्र बाजूला सारून तिनं जागा केली होती. मी सुनेचे संवाद वाचत गेले, ती आजीचे बोलत गेली. एके ठिकाणी सून विचारते, "मुलगा परत येईल असं वाटतं तुम्हाला?" डुफी थांबली. कागदावर नव्हतं इतका वेळ थांबली, दाराकडे बघत. माझ्या अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ तिचं ते थांबणं मला पूर्वीसारखंच खुपलं.

"चुकलं का गं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "अस्संच कर." आणि पान उलटलं.