न बोलणाऱ्या वीराची कॅसेट

मित्रांनो, मी गेमची एक जुनी कॅसेट आहे. पिवळी, तळहाताएवढी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. टीव्हीला जोडलेल्या यंत्रात मला खोचलं की पडद्यावर एक राज्य उघडायचं. त्यात राजा बोले, लोहार बोले, कोंबड्या विकणारी म्हातारीसुद्धा बोले. माझा वीर मात्र अवाक्षर काढत नसे. कुणी काही विचारलं की त्याच्यापुढे दोनच शब्द उमटत, हो आणि नाही. मला घडवणाऱ्यांनी त्याला तेवढंच दिलं होतं.

१९९५ साली मी बनारसला, ब्रह्मा घाटाजवळच्या एका मराठी घरात आले. तिथली दहा वर्षांची अवनी वीराच्या वतीने मोठमोठ्याने बोलू लागली. लोहाराशी ती हिंदीत हुज्जत घाली आणि राजाला मराठीत खडसावी. मला तर तिच्या आवाजाचं वेडच लागलं.

एकदा मात्र गाडं अडलं. वेशीवरचा द्वारपाल वीराला विचारी, "तू जातोस?" अवनी दर वेळी 'नाही' दाबी. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, 'येते' म्हणायचं, असं आईने तिला बजावलं होतं. चार दिवस वीर वेशीवरच उभा! तिचा दादा निनाद हसून हसून लोळला.

"अगं, तो गूंगा आहे! तो कुठून 'येतो' म्हणणार?"

"तो नाही, मी म्हणते ना!"

'येतो हं,' असं द्वारपालाला ठणकावून तिने 'हो' दाबलं आणि वीर मार्गी लागला.

तीन वर्षांनी घरात कॉम्प्युटर आला. निनादने मित्राकडून एका गेमची सीडी आणली. तिच्यातला वीर चक्क बोलत होता. माझ्यावर धूळ साचली. पुढे निनादने गोदौलिया बाजारातल्या एका दुकानदाराशी ठरवलं, शनिवारी यंत्रासकट मला द्यायचं आणि तशीच सीडी घ्यायची. मी घाबरले. ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे होतं!

अवनीने नवा खेळ लावून पाहिला. राणीने प्रश्न विचारला. अवनी बोलणार, तोच वीर भारदस्त आवाजात उत्तर देऊन मोकळा झाला. पुढच्या प्रश्नालाही तेच.

"छान बोलतो रे, पण मला बोलूच देत नाही," ती म्हणाली. "माझी कॅसेट द्यायची नाही."

"मी दुकानदाराला जबान दिली आहे."

"मग मीच सांगते त्याला."

शनिवारी ती मला मुठीत धरून एकटीच दुकानात गेली.

"भैया, ये नहीं देंगे. हमारे घर का आदमी है."

दुकानदार हसला. "इसका हीरो तो बोलता ही नहीं, बिटिया."

"तो क्या हुआ? हम हैं न!"

आणि ती मला घेऊन घरी आली.

मित्रांनो, आता ते यंत्र बंद पडलं आहे. मी कापडात गुंडाळलेली असते. अवनी अधूनमधून मला पुसते. बोलक्या वीरांशी माझं भांडण नाही, त्यांनी खुशाल बोलावं. पण तुमच्या घरात एखादी मुकी, जुनी वस्तू असेल, तर ती देऊन टाकण्याआधी एकदा हातात घ्या. आम्हाला आमची बाजू मांडता येत नाही. ती कुणीतरी मांडावीच लागते.