पिठातलं पाऊल

फौजदार श्रीपती आठल्ये नाशकाहून शिकून रत्नागिरीला आला आणि महिन्याच्या आत पोलीस लायनीत त्याचं नाव ‘प्लास्टर फौजदार’ पडलं. नाव ठेवणाऱ्यांचं फारसं चुकत नव्हतं. हा गृहस्थ परेड संपली की शिपायांना मांडवीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत अनवाणी चालायला लावी, उमटलेल्या पावलांत पांढरं प्लास्टर कालवून ओती आणि ते सुकून निघालं की कुठलं पाऊल कुणाचं ते ओळखा म्हणे. कोळणी टोपल्या खाली ठेवून हसत उभ्या राहत. मिशा पिकेपर्यंत लाठीवर नोकरी केलेल्यांना हा निव्वळ पोरखेळ वाटे, पण हुकूम तो हुकूम.

श्रीपतीला हसण्याची फिकीर नव्हती. त्याचा राग होता तो जुन्या रीतीवर. संशय आला की माणसाला आत घ्यायचं आणि कबूल होईतो झोडपायचं, ही ती रीत. “मारलं तर धोंडाही कबूल होईल,” तो वर्गात म्हणे. “माणूस घाबरून काहीही बोलतो. पाऊल घाबरत नाही. आणि दोन पावलांत फरक दिसला, तर त्या फरकालाच धरा. त्याची समजूत घालत बसू नका.” हे वाक्य हवालदार केरूला इतकं पाठ झालं होतं की चहा पिताना तो ते साहेबांच्या आवाजात म्हणून दाखवी.

पौषात बावकोंडातून वर्दी आली की काशीरामाची बायको राही विहिरीत पडून मेली. बावकोंड म्हणजे कातळाच्या सड्याखालची कुणब्यांची लहानशी वाडी. श्रीपती केरूला आणि वर्गातल्या दोघा शिपायांना घेऊन तिथे गेला. विहिरीच्या काठाला, चिऱ्याला लागून असलेल्या ओल्या मातीत एकच पाऊल उमटलं होतं. बाईचं, उजवं, टाच ओढली गेलेलं. शिकवायला बरं म्हणून श्रीपतीने शिपायांच्या देखत ते प्लास्टरमध्ये उचललं.

घरी माजघरात राहीला न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून निजवलं होतं. काशीराम मुंबईच्या गिरणीतून दिवाळीनंतर पुन्हा सुट्टीवर आलेला, तो खांबाला टेकून बसला होता. सवाष्ण गेलेली, म्हणून वाडीतल्या बाया एकेक येऊन तिच्या पायांवर डोकं टेकत होत्या. श्रीपतीही उंबऱ्याशी वाकला, डोळे मिटून हात जोडले आणि मागे फिरला. मेलेल्या सवाष्णीच्या पायांकडे परका पुरुष टक लावून बघेल, हे इथे कुणाच्या स्वप्नातही यायचं नाही, मग तो नाशकाला शिकलेला असो नाहीतर विलायतेला. पाय घसरला असं सगळेच म्हणाले. पंचांनी अंगठे उठवले आणि राहीला नेलं.

दुसऱ्या दिवशी तिची सासू सोनूबाई तंगडतोड करत ठाण्यावर आली.

“सायबानू, ती घसारली नाय,” ती म्हणाली. “आदल्या दिवशी माझ्या थोरल्या सुनेनं, गंगीनं, तिच्या हातातली कळशी हिसकून घेतली. विहिरीवर झोंबाझोंबी झाली. सगळी वाडी बघत व्हती.”

गंगा राहीची नुसती जाऊ नव्हती, सख्खी थोरली बहीण होती. दोन बहिणी दोन भावांना दिलेल्या. श्रीपतीने तिला बोलावून विचारलं, भांडण कशावरून? कळशी का ओढलीस? गंगेने ओठ मिटून घेतले. तिला कुणी बोट लावलं नाही की आवाज चढवला नाही. तिला फक्त ओल्या मातीत पाय ठेवायला सांगितलं.

पाऊल जुळलं. अंगठ्याहून लांब असलेलं शेजारचं बोट तेच, तळव्याची खोल कमान तीच, रुंदी तीच. एकच गोष्ट बसेना. विहिरीवरच्या पावलात करंगळी नव्हती आणि गंगेची करंगळी मातीत नीट उठली होती.

“तिथे माती सैल असेल,” श्रीपती म्हणाला.

केरूने साहेबाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मोठ्यांच्या चुका मोठ्यांनीच काढाव्यात, असं तो नोकरीत शिकला होता. ओढलेल्या टाचेचा अर्थही श्रीपतीने लावून टाकला की धक्का देताना तिने पाय रोवला होता. गंगा कोठडीत गेली. पहिलाच खून, तोही एका थपडेशिवाय उघडकीला आलेला! वरून शाबासकी आली. पुढे खटला सेशनात जाणार होता आणि तिथून गंगेची वाट फासाकडेच जात होती. श्रीपतीला त्या दिवसांत झोप छान लागत होती.

सोनूबाईची जबानी नीट लिहून घ्यायची राहिली होती, म्हणून एके सकाळी तो केरूला घेऊन पुन्हा बावकोंडात गेला. नेमका त्या दिवशी राहीचा दहावा होता. राहीला जिथे निजवलं होतं तिथे आदल्या संध्याकाळी तांदळाचं पीठ पसरून, बाजूला पणती लावून, पिठावर टोपली पालथी घातलेली होती. सकाळी टोपली उचलून पाहायचं. पिठात चिमणीची नखं दिसली तर जीव चिमणी होऊन गेला, खूर दिसला तर गाय झाला. श्रीपतीला यातलं सगळं ठाऊक होतं, त्याच्या आजोळीही करत. पण आता तो शिकलेला होता, म्हणून घरापुढच्या खळ्यात उभा राहून घड्याळाला किल्ली देत राहिला.

एरवी टोपली उचलली की बायांचा गलका होतो. आज आतून काहीच ऐकू येईना. कोंबडीसुद्धा ओरडेना. मग काशीराम दारात आला. त्याच्या तोंडावर रक्ताचा टिपूस नव्हता.

“सायेब, जरा आत येता?”

पिठात माणसाचं पाऊल होतं.

उजवं, बाईचं, दाराकडे तोंड केलेलं. लांब बोट, खोल कमान. करंगळी नव्हती. पणती अजून जळत होती आणि दार उघडं असूनही तिची ज्योत हलत नव्हती. श्रीपतीच्या मानेवरचे केस उभे राहिले. मग शिकलेलं मदतीला आलं. कुणीतरी लबाडी केली असणार! तो गुडघ्यांवर बसला. टोपलीच्या कडेची गोल रेघ पिठात अखंड होती, ती उचलून पुन्हा ठेवली असती तर रेघ दुहेरी उठली असती. पाऊल पूर्ण होतं, पण टोपली एवढी बुटकी की तिच्याखाली पाय उभा राहिलाच नसता. त्याने घरातल्या एकेकाचे पाय पाहिले. सोनूबाईचे सुजून फुगलेले, काशीरामाचे फताडे, शेजारणींचे आखूड. गंगा तर कोठडीत होती. त्याने फीत काढली. केरूने दुसरं टोक धरलं. माप विहिरीवरच्या पावलाशी तंतोतंत जुळलं.

टाचेजवळ आणखी एक खूण होती. बोटाच्या पेराएवढा खळगा आणि त्याच्या पुढे मोहरीएवढे पाच ठिपके. चिचुंद्री फिरली असेल, श्रीपती मनाशी म्हणाला आणि नजर काढून घेतली.

“राहीच्या पायाची करंगळी कशी होती?” त्याने विचारलं.

“जन्माचीच वर चढलेली,” सोनूबाई म्हणाली. “भुईला कधी टेकलीच नाय.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलंत कुठं? तुमी बी व्हतात की तवा तिच्या पायाशी. हात जोडलंत.”

श्रीपतीला वाटलं, कुणीतरी सणसणीत थोबाडीत मारली. विहिरीवर आला-गेला त्याच्या पायाचं माप घ्या, असं तो दुसऱ्यांना शिकवत होता, आणि जी तिथे नक्की होती तिचेच पाय त्याने पाहिले नव्हते. डोळे मिटून नमस्कार केला होता. करंगळी तेव्हाही ओरडून सांगत होती आणि त्याने तिची समजूत घातली होती. टाच धक्का देताना रोवली नव्हती, घसरताना ओढली गेली होती. एक बाई उगाच मरणाच्या दारात बसली होती आणि तिला तिथे बसवणारा तोच होता. त्याला लाज वाटली, आणि भीतीही.

पण हे कोर्टात कसं न्यायचं? मेलेली बाई साक्षीला आली म्हणून?

सोनूबाई पिठाकडे बघत डोळे पुसत होती. “दाराकडं तोंड हाय. खळ्यात निघालीय माझी बाय. दिवाळीला खळं चोपून ओलं व्हतं, तर मेलीनं कोपऱ्यात पाय दिला. किती बोलली मी तिला तवा!”

श्रीपती उठला तो धावतच बाहेर गेला. खळ्याच्या कोपऱ्यात पेंढ्याची उडवी होती. त्याने आणि केरूने ती हातांनी उपसली. खाली, सुकून चिऱ्यासारख्या कडक झालेल्या मातीत, राहीचं उजवं पाऊल होतं. करंगळी नसलेलं. हे पाऊल कोर्टात चालणार होतं. कधी उमटलं, कुणाचं, कुणाच्या देखत, सगळ्याला साक्षी होते. त्याने पंच बोलावले, प्लास्टर ओतलं आणि रिपोर्टात आपली चूक आपल्याच हाताने लिहिली. पिठाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. वर्गात तो जे दिसेल ते लिहा म्हणून सांगत असे, तरी नाही लिहिलं.

गंगा सुटली त्या दुपारी तो स्वतः कोठडीच्या दारापर्यंत गेला. माफी कशी मागायची ते त्याला सुचेना. केरू पाणी आणायला गेलेला पाहून गंगाच पहिल्यांदा बोलली.

“सायबानू, पिठात माणसाचा पाय उठला म्हंत्यात. सरळ व्हता ना?”

“दोन्ही सरळ होते,” श्रीपती बोलून गेला. “मोठा नि इवलासा. दाराकडे.”

गंगा पदर तोंडात कोंबून रडू लागली. चिचुंद्रीचं नाव आता श्रीपतीच्या तोंडी येईना.

“तिसरा महिना व्हता तिला,” गंगा हळूच म्हणाली. “आधीची दोन गेली, म्हणून कुणाला सांगू नको, अशी शपथ घातलीन मला. विहिरीवर जाऊ नको, भरली कळशी उचलू नको, म्हणून झोंबली मी तिच्याशी. दुसऱ्या दिवशी मला चुकवून गेली.”

“अगं, मग एवढं बोलली असतीस तर सुटली असतीस!”

“आणि ती? पोटुशी मेली म्हटल्यावर वाडीनं तिची हडळ केली असती. तिच्या वाटेवर खिळे ठोकले असते, राईची पेर केली असती. उलट्या पायाची झाली म्हणाले असते माझी बहीण.” तिने डोळे पुसले. “पाय सरळ, म्हंजे गेली. लेकराला घेऊन गेली. सायबानू, हे कुठं लिवू नका.”

“नाही लिहिणार,” श्रीपती म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मांडवीच्या वाळूत वर्ग भरला तेव्हा त्याने नवा धडा दिला. मेलेल्या माणसापाशी गेलात की आधी पाय पाहा, मग हात जोडा. कोळणी हसल्या, पण या वेळी केरू हसला नाही. पुढे नोकरीभर श्रीपतीने तो धडा स्वतः पाळला. बाईचं प्रेत असलं, की तिचे पाय पाहून झाल्यावर तो टाचेजवळची माती जरा जास्तच वेळ न्याहाळत बसे. काय शोधता, असं शिपाई विचारत, तेव्हा तो काही नाही म्हणे आणि मग डोळे मिटून नमस्कार करी.