पाव्हण्यांच्या हातातली निळी पट्टी

हो, मीच बोलतेय. मनगटाला बांधायची निळी पट्टी. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. माझं काम गुपचूप हातावर बसायचं आणि लेकराला आत सोडायचं. पण माझ्या अंगाचा असा तिळपापड झालाय, की आता गप्प बसवत नाही.

माझा जन्म तलवाड्याचा. तिथल्या चतुराबाईंच्या शिलाई मशीनवर मी आणि माझ्या अकरा बहिणी एका दुपारी तयार झालो. शेजारी यशोधरा मॅडम बसल्या होत्या. बीडला स्वमग्न मुलांना शिकवतात त्या.

"मावशी, शिवण आतल्या अंगाला नको," मॅडम म्हणाल्या. "आमच्या लेकरांना साधा दोरा टोचला तरी सहन होत न्हाई."

"आगं, पण शिवण बाहेर काढली तर लोक म्हणतील, म्हातारीनं पट्टी उलटी शिवली!"

"म्हणू द्या."

चतुराबाईंनी आम्हा बाराजणींना उलटं शिवलं. मग एकेकीला स्वतःच्या गालावर घासून बघितलं, कुठं टोचतंय का म्हणून. इतकी माया मला पुढं फार थोड्या हातांनी लावली.

आम्ही कशासाठी होतो ते सांगते. गेवराईच्या पुढं हमरस्त्याला सुंदररावांची 'गंमतनगरी' आहे. आकाशपाळणा, चक्री, पाण्याची घसरगुंडी आणि तळ्याला वळसा घालणारी छोटी आगगाडी. सगळीकडं कर्णे, सगळीकडं गाणी. तुम्हाला त्याची गंमत वाटते. पण स्वमग्न लेकराच्या कानात तोच आवाज घण घातल्यासारखा बसतो. रांगेतला धक्का त्याला चटका बसल्यासारखा लागतो. 'थांब जरा' म्हटलं, तर जरा म्हणजे किती, हे त्याला कळत नाही. आणि हे बाहेरून काही दिसत नाही बरं का! हात धड, पाय धड. मग लोक खुशाल म्हणतात, पोरगं हट्टी आहे आणि आईला वळण लावता येत नाही.

म्हणून यशोधरा मॅडमनी सुंदररावांकडं चार चकरा मारल्या आणि एक नियम ठरवून घेतला. ज्या लेकराच्या हाताला निळी पट्टी, त्याला रांग नाही. त्यानं बाजूच्या दारानं यायचं, आणि ते गाडीत बसलं की त्या फेरीपुरता तिथला कर्णा बंद. बस, एवढंच. फुकट काही मागितलं नव्हतं.

माझ्या वाट्याला पहिला हात आला तो राजनंदिनीचा. आठ वर्षांची पोर. तिची आई दिपाली घाटनांदूरच्या दवाखान्यात नर्स आहे. पहाटेची एसटी धरून, दोन ठिकाणी गाडी बदलून मायलेकी आल्या होत्या. दारावरच्या रामकिसनमामांनी मला तिच्या मनगटावर बांधलं. तिनं माझा वास घेतला, मला गोल गोल फिरवलं, गालाला लावलं. मी टोचले नाही. मग ती आगगाडीच्या तिसऱ्या डब्यात बसली, कर्णा बंद झाला, आणि गाडी तळ्याच्या कडेनं हलली.

काय हसली ती! डब्याच्या कडेवर बोटांनी ताल धरला आणि उतरताना म्हणाली, "पुन्हा." ती दिवसाकाठी पाच-सहा शब्द बोलते. त्यातला एक तिनं आमच्या गाडीवर खर्च केला. पाच फेऱ्या झाल्या. दिपाली बाकावर बसून रडत होती.

"काय झालं, ताई?" रामकिसनमामा घाबरले.

"काई न्हाई, मामा. आमी कुठंबी गेलो की अर्ध्यातून उठून येतो. लग्नातून, जेवणातून, देवळातून. आज पहिल्यांदा पोटभर बसलो."

त्या दिवशी मालकांच्या माणसानं राजनंदिनीचा हसरा फोटोही काढला. मला वाटलं, कौतुकानं काढला असेल. भोळीच मी!

महिनाभर सगळं नीट चाललं. मग दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि एका दुपारी आबासाहेबांच्या गाड्या आल्या. आबासाहेब म्हणजे भागातलं मोठं प्रस्थ. रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

"पाव्हण्यांला रांगेत उभं करतो का बे?" सुंदरराव रामकिसनमामांवर खेकसले. "दे त्या निळ्या पट्ट्या!"

"मालक, त्या लेकरांच्या हायत..."

"मग ही आबासाहेबांची लेकरं काय म्हातारी हायत का?"

एका झटक्यात सात बहिणी गेल्या. कुणाच्या हातावर? तर धडधाकट, पोटभर जेवून आलेल्या, रांगेत उभं राहायची लाज वाटणाऱ्या माणसांच्या. आणि आपल्याकडं एकदा एकाला मिळालं की दुसऱ्याला ते हवंच. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. साहेबांनी सांगितलंय, चार पट्ट्या ठेवा. जावई आलेत, दोन ठेवा. लोक आम्हाला हातावर मिरवायला लागले, हात वर करून फोटो काढायला लागले. निळी पट्टी म्हणजे वजनदार माणूस, असा गाजावाजा झाला. यशोधरा मॅडम येऊन भांडल्या. तर सुंदरराव म्हणाले, "मॅडम, तुमी शाळा बघा, धंदा मी बघतो." त्यानंतर मॅडमचा फोनच ते उचलेनात.

अशातच राजनंदिनी पुन्हा आली.

दिपालीनं आठ दिवस तयारी केली होती. स्वमग्न लेकराला पुढं काय होणार ते आधी दाखवावं लागतं. तिनं चित्रांची कार्डं केली होती: एसटी, दार, निळी पट्टी, आगगाडी. दारात आल्यावर राजनंदिनीनं तिसरं कार्ड काढलं आणि हात पुढं केला.

रामकिसनमामांची मान खाली गेली. "ताई, पट्ट्या संपल्या आज."

"संपल्या म्हंजे? किराणा हाय का, संपायला?"

"काय सांगू, ताई. पाव्हणे लई आलेत."

"मामा, पट्टी राहू द्या, पण हिला बाजूच्या दारानं तरी सोडा."

"बिगर पट्टीचं कुणाला सोडलं तर मालक घरी बसवतेत मला."

बघा! जो नियम तिच्यासाठी केला, त्याच नियमानं तिला अडवलं. मायलेकी रांगेत उभ्या राहिल्या. मी कुठं होते? त्याच रांगेला लागून, आबासाहेबांच्या पुतण्याच्या हातावर. बाळू नाव त्याचं. चांगला तिशीतला बाप्या, डोळ्यांवर काळा चष्मा.

डोक्यावरचा कर्णा सुरू झाला. मागून कुणाचा तरी धक्का लागला. राजनंदिनीनं कान दाबले, ती खाली बसली आणि किंचाळायला लागली. एक बाई म्हणाली, "दृष्ट काढा हिची." एक बाबा म्हणाले, "एक ठेवून द्या, लगेच गप्प बसंल." चार जणांनी मोबाइल काढले. कर्णा बंद करावा, हे मात्र एकालाही सुचलं नाही! शरम वाटायला हवी होती. मला वाटत होती, आणि मी नुसती कापडाची.

तेवढ्यात तिला मी दिसले. ती धावत आली आणि तिनं बाळूचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"ए, सोड! कावून आणतेत असल्या पोरी गर्दीत!" त्यानं हात झटकला. ती सोडेना. शेवटी त्यानं मला ओरबाडून काढलं आणि जमिनीवर फेकलं. "घे, मर."

तिनं मला उचललं, माती झटकली आणि स्वतःच्या हाताला बांधलं. किंचाळणं हळूहळू थांबलं. चौथं कार्ड हातात धरून ती आगगाडीकडं निघाली. आता मामांनीही तिला अडवलं नाही.

गाडीत पाव्हणे बसले होते. कर्णा चालूच होता. दिपालीनं हात जोडले. "पाच मिनिटं बंद करा, दादा. एकच फेरी."

"पाव्हण्यांला गाणं पायजे," गाडीवाला म्हणाला.

दोन्ही कान दाबून राजनंदिनी तिसऱ्या डब्यासमोर उभी राहिली. एक पाय आत टाकायची, मागं घ्यायची. तीनदा टाकला, तीनदा घेतला. गाडी तिला न घेता निघून गेली. मी तिच्या हातावर होते आणि माझा काडीचा उपयोग झाला नाही. या एका गोष्टीची चीड मला आजही जाळते.

जाताना दिपाली मला परत करायला लागली, तर मामा म्हणाले, "राहू द्या, ताई, तिच्यापाशी." म्हणून मी आता घाटनांदूरला असते. मागच्या महिन्यात तिथं सुंदररावांचा फोन आला. आवाजात साखर घोळलेली.

"दिपालीताई, आमच्या या सोयीबद्दल माझा सत्कार हाय, रविवारी. बॅनरवर तुमच्या मुलीचाच हसरा फोटो टाकलाय. तिला घेऊन या स्टेजवर. निळी पट्टी घालून आणा, चांगलं दिसतं."

दिपाली ओरडली नाही. "आणते की," ती म्हणाली. "पण त्याच्या आधी एकदा तिला गाडीत बसवा. कर्णा बंद ठेवून. फोटो न काढता."

"बघू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सत्कार आमच्यावाचूनच झाला. शाल मिळाली, टाळ्या झाल्या. बॅनर अजून हमरस्त्यावर फडकतोय. त्याच्याखालून जाणाऱ्यांनो, थांबून तो फोटो जरूर बघा. त्यातली पोर माझ्यासमोर बसली आहे आणि तिनं आगगाडीचं कार्ड फाडून टाकलंय. आता एसटीचं कार्ड दाखवलं तरी ती कॉटखाली जाऊन बसते. आई खाली वाकून बोलावते, "चल, माय, नुसतं बसस्टँडपर्यंत." ती येत नाही.