फॉस्फरस नाही त्यात

“फॉस्फ... फॉस्फर...” धम्मानंद सर खाटेवरून पुन्हा म्हणाले. पुढचा शब्द काही केल्या निघेना, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने खाटेची कड बडवली.

सोजराबाई स्वयंपाकघरातून काडीपेटी घेऊन आल्या. “ही घ्या. घासायच्या बाजूला फॉस्फरस असतो म्हणून तुमीच तर सांगत होते जल्मभर.”

सरांनी काडीपेटी भिरकावून दिली.

“आता काय करू बाई मी!” सोजराबाई खाली बसून काड्या वेचू लागल्या. “सकाळपासून एकच धोशा. मागायचं काय ते हातानं तरी दाखवा.”

हातानं काय दाखवणार? उजवा हात मांडीवर पडलेला होता. दोन महिन्यांपूर्वी लकवा मारला, तेव्हा उजव्या बाजूसोबत बोलणंही गेलं. सगळं कळत होतं. नाव तेवढं सापडत नव्हतं. शोधायला जावं तर भलतंच हाती लागे, आणि तेही प्रयोगशाळेतलं. पाणी मागायचं तर तोंडून ‘आम्ल’ निघे. एकदा त्यांनी बायकोला ‘चंचुपात्र’ अशी हाक मारली. सोजराबाई आधी हसल्या, मग मोरीत जाऊन रडल्या.

आज त्यांना हवा होता तो पिवळा पेन, ओळीवर फिरवला की अक्षरं उजळून दिसतात तो. रोज पेपर आला की सर त्या पेनाने चार-पाच बातम्यांवर खुणा करत. सोजराबाई चौथी शिकलेल्या, अख्खा पेपर त्यांच्याने होत नसे. दुपारी भांडी आटोपली की त्या उंबऱ्याशी बसून खुणेच्या तेवढ्या ओळी अक्षर लावत मोठ्याने वाचत, आणि सर डोळे मिटून चुका काढत. दवाखान्यातून आल्यापासून पेपर घडीसुद्धा न मोडता नुसता पडून राहत होता. पेन, पिवळा, खूण, सगळे शब्द पळाले होते. मनात चमक तेवढी यायची, आणि चमकेमागून फॉस्फरस.

शेजारचा जळबा हळदीच्या रानातून परत येताना दारात थांबला. “काय म्हणून राहिले सर?”

“फॉस्फरस म्हणतेत. तूच बघ बाबा.”

“अहो, खताचं इचारून राहिले ते!” जळबाचा चेहरा उजळला. “टाकलं सर, टाकलं! सुपर फॉस्फेट टाकलं लागवडीलाच. काळजी करू नका.” त्याने खताचं सगळं रामायण सुरू केलं. सरांनी डोळे मिटले. याच जळबाला त्यांनी वर्गात फळाभर फॉस्फरसचं स्पेलिंग लिहायला लावलं होतं. शेवटी यू एस लिही, ओ यू एस नको. ओ यू एस लिहिलंस की नामाचं विशेषण होतं, गाढवा. शिरड शहापूरच्या दोन पिढ्या या एका शब्दापायी त्यांच्या छड्या खाऊन मोठ्या झाल्या होत्या. आता तोच शब्द त्यांच्या जिभेवर ठाण मांडून बसला होता आणि मागच्यांना वाट देत नव्हता.

“फॉस्फर...लं... लं...” सर ओरडले. जळबा दचकून निघून गेला.

आवाज ऐकून करुणा आतून आली. ही त्यांची एकुलती एक लेक. तुर्कस्तानात, इझमीरच्या विद्यापीठात मातीवर संशोधन करायला गेली आणि तिथल्याच एका शाळामास्तराशी लग्न करून बसली. आधी विचारलं नाही, नंतर कळवलं. दोन वर्षं सरांनी तिचा फोन घेतला नव्हता. लकव्याचं ऐकून ती नवऱ्याला घेऊन परवाच आली होती.

“बाबा, फॉस्फरस?” ती खाटेजवळ बसली. तिचा आवाज एकदम लहान झाला. “माझं काम विचारताय? मी मातीतल्या फॉस्फरसवरच...”

सरांनी मान हलवली. नाही.

“ऐका तरी. जमिनीत तो भरपूर असतो, पण...”

त्यांनी पुन्हा खाट बडवली. नाही, नाही, नाही!

करुणा उठून उभी राहिली. “बरं. न्हाई ऐकायचं तर न्हाई. तेव्हाबी न्हाई ऐकलं.” पदराआड तोंड लपवायची सवय तिला नव्हती, ती भिंतीकडे पाहत राहिली.

“लेकराला काहून रडवता?” सोजराबाई चिडल्या.

दारातल्या खुर्चीवर कोराय बसला होता. जावयाला मराठी येत नव्हतं, सासऱ्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. तो हळूच म्हणाला, “फोस्फोरलू?”

सर थांबले.

कोरायने आपली पिशवी ओढली, कप्पा उघडला आणि एक जाडसर पिवळा पेन काढून त्यांच्यासमोर धरला. “फोस्फोरलू कालेम?”

सरांनी तो डाव्या हाताने झडप घालून घेतला.

“अगं बाई,” सोजराबाई पुटपुटल्या. “पेन मागत व्हते व्हय?”

करुणाने डोळे पुसले. “आई, तिकडं याला असंच म्हणतात. फॉस्फरसवाली कलम.”

“कालेम म्हंजे आपली कलमच की!”

“तीच. आणि फोस्फोरलू म्हणजे काहीही भडक. रस्त्यावरच्या कामगारांचं चमकणारं जाकीट फोस्फोरलू. तुझी ही पोपटी साडीसुद्धा.”

सोजराबाईंनी साडीकडे पाहिलं. जावयाने घाईघाईने मान डोलावली.

पण सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्यांनी पेन वर धरला, जावयाकडे रोखून पाहिलं आणि एकेक शब्द ओढून काढला.

“फॉस्फरस... न्हाई... त्यात.”

दोन महिन्यांतलं पहिलं सरळ वाक्य. करुणाने त्याचा अर्थ नवऱ्याला सांगितला. कोराय हसला नाही. वर्गात उभ्या असलेल्या पोरासारखा आपल्या भाषेत म्हणाला, “माहीत आहे, सर. शाई वेगळी असते. पण नाव पडलंय.” करुणाने तेही मराठीत सांगितलं.

सर हुंकारले. चुकीचं नाव त्यांना मुळीच मान्य नव्हतं. तरी त्यांनी टोपण दाताने काढलं आणि पेपरासाठी हात पुढे केला. डाव्या हाताची रेघ ओळीवरून घसरून खालच्या जाहिरातीत गेली. सोजराबाई चष्मा शोधायला आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

सर लेकीकडे वळले. तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताठल्या. काडीपेटी, खत, आम्ल, सगळं बाजूला सारत ते कुठेतरी खोल गेले आणि परत आले.

“माती,” ते म्हणाले. मग दम घेऊन, “सांग.”

करुणा जागची हलली नाही. तेव्हा सरांनी डाव्या हाताने आपला उजवा पाय उचलून कडेला ठेवला आणि खाटेवर तिच्यासाठी जागा केली.