पिशवीचं दूध

गेवराईच्या कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. एपिक्युरस आला की पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. सुखाला सर्वांत मोठं मानणारा ग्रीक म्हणजे खाऊन-पिऊन लोळणारा, अशी त्यांची समजूत. मी चिडायचो. अरे गाढवांनो, तो माणूस अथेन्सजवळच्या बागेत भाकरी-पाण्यावर खूश होता. काय खायचं याच्या आधी कुणाबरोबर खायचं ते बघा, एवढंच त्याचं म्हणणं.

निवृत्त होऊन गावी आलो आणि एकटाच खाऊ लागलो. बायको आधीच गेली होती. मला कुणाची गरज नाही, असं मी चारचौघांत ऐटीत सांगायचो.

गरज होती. म्हणून तर गाय घेतली. दूध मला पचत नाही. पण सकाळी सहकारी डेअरीवर दूध घालायला गेलं, की तिथला सचिव शहादेव दुधाची फॅट मोजता मोजता बोलायचा, स्टोव्हवर चहा ठेवायचा. त्या अर्ध्या तासावर माझा दिवस निघायचा.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी गाव ऊसतोडीला गेलं, जनावरं चारा-छावणीत गेली, आणि माझी गाय आटली. दूध घालणारा मी एकटाच उरलो होतो. मी थांबलो तर डेअरीला कुलूप लागणार आणि माझी सकाळ संपणार. मग मी फाट्यावरून पिशवीचं दूध आणायला लागलो. पिशवी कापायची, किटलीत ओतायचं, आत्ताच धार काढल्यासारखं वाटावं म्हणून जरा कोमट करायचं. लई लाज वाटायची, पण रोज जायचो.

माघात एकदा गेलो तर शहादेव पायरीवर बसलेला. शेजारी वळकटी.

"सर, मीबी चाललो. ऊसतोडीला, मेव्हण्याच्या टोळीत. ट्रक येतच आसंल."

"आणि डेअरी?"

"ती कवाच बंद झाली. दिवाळीपासून दुधाची गाडी येत न्हाई."

मी हातातल्या किटलीकडे पाहिलं. "मग माझं दूध?"

"आपल्या दोघांच्या च्याला. उरलेलं तुमच्या नावानं भिवराबाईला देत व्हतो. म्हातारी एकलीच हाय मागं." मग खाली बघत म्हणाला, "गाईची फॅट रोज सारखीच लागती व्हय सर? पर तुमी आला नसता, तर मी सकाळी कशाला उठलो असतो?"

मी किटली पायरीवर ठेवली. म्हणालो, "ट्रक जाऊ दे. आज जेवायला घरी चल."

"पाच वर्षं हितंच, तुमच्या घराकडं तोंड करून भाकर खाल्ली, सर. वाटायचं, आज हाक मारताल."

त्यानं वाटेसाठी बांधलेलं फडकं सोडलं, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. आम्ही पायरीवर बसून खाल्ली. मग ट्रक आला.

दुसऱ्या दिवशी चार भाकऱ्या थापल्या आणि भिवराबाईचं दार वाजवलं. म्हातारीनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आज दूध न्हाई?"

"नाही," मी म्हणालो. "जेवायला चला."